एका मात्रेचा फरक



आमचे गाव कारेगाव. कोरेगाव नव्हे. हे सांगण्यात आमचा दरवर्षीचा १ जानेवारी जातो. नगरकडून येणारी माणसे रात्रभराच्या प्रवासाने दमलेली असतात, कंडक्टर घाईत असतो, आणि विजयस्तंभाला मानवंदना द्यायला निघालेले एखादे कुटुंब पोराबाळांसह आमच्याच फाट्यावर उतरते. एकच शिरूर तालुका, एकच नगर रोड, नावात फरक फक्त एका मात्रेचा. मग आम्ही त्यांना चहा पाजतो आणि पुढच्या गाडीत बसवून देतो. एकदा एक आजी जाताना म्हणाल्या, "एवढीशी मात्रा, पण केवढं फिरवलं बाई!"

आजींचे ते वाक्य आम्हाला गेल्या पावसाळ्यात पुन्हा आठवले, ते टीबीच्या एका रिपोर्टमुळे.

रांजणगाव एमआयडीसीमुळे आमच्याकडे खोल्यांच्या चाळीच चाळी उभ्या राहिल्या आहेत. एका खोलीत सहा मुले. तिघे दिवसपाळीला, तिघे रातपाळीला, गाद्या त्याच. खिडकी असते, पण मागची चाळ भिंतीला लागून असल्याने ती उघडत नाही. अशाच एका खोलीत लातूरकडून आलेला बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा राहतो. दोन वर्षांपूर्वी त्याला टीबी झाला होता. गोळ्या सुरू केल्या, अडीच महिन्यांत खोकला थांबला, वजन वाढले. तेवढ्यात ठेकेदार बदलला, नव्या ठेकेदाराने दवाखान्यासाठी सुट्टी दिली नाही, आणि गोळ्या सुटल्या. आता खोकला परत आला, तर एका खासगी दवाखान्यात महिनाभर नुसते खोकल्याचे औषध चालू होते. शेवटी आम्ही त्याला सरकारी दवाखान्यात नेले. थुंकीचा रिपोर्ट आला : टीबी आहे, आणि रिफाम्पिसिन या मुख्य गोळीला जंतू दाद देत नाही.

त्याने आम्हाला विचारले, "ताई, म्हणजे तेव्हाची गोळी नकली होती का?"

गोळी नकली नव्हती. मग झाले काय? याचे उत्तर द्यायला बसलो, तेव्हा आमच्या लक्षात आले की आम्हालाच ते नीट येत नाही. नर्सिंगच्या डिप्लोमात एवढेच शिकवले होते की अर्धवट औषध घेतले की जंतू "सरावतो". सरावतो म्हणजे नेमके काय होते, हे आम्ही विचारले नाही आणि कोणी सांगितलेही नाही. ते आम्हाला शिकवले विहारात अभ्यासाला बसणाऱ्या अकरावीच्या एका मुलीने, फळ्यावर. म्हणून या महिन्याच्या आरोग्याच्या पानावर शुगर-बीपी बाजूला ठेवून थोडे वेगळे लिहीत आहोत. "हे कॉलेजातलं, आपल्याला काय करायचंय" असे विहारातही काहींनी म्हटले होते. आमचे म्हणणे उलटे आहे. ज्याच्या छातीत तो जंतू आहे, त्याला हे सर्वांत आधी कळले पाहिजे.

आपले शरीर प्रथिने चालवतात. डाळीतले, अंड्यातले प्रथिन आपण खातो ते वेगळे सांगायला नको, पण शरीरातली हजारो कामे करणारी यंत्रेसुद्धा प्रथिनांचीच असतात. प्रथिन म्हणजे मण्यांची माळ. मणी वीस प्रकारचे, आणि प्रत्येक प्रकाराला इंग्रजीतले एक अक्षर दिले आहे. म्हणजे प्रत्येक प्रथिन हा वीस अक्षरांत लिहिलेला एक लांबलचक शब्द झाला. मार्गारेट डेहॉफ या अमेरिकन बाईंनी १९६५ साली तोवर वाचले गेलेले असे शब्द गोळा करून एक संग्रह छापला. एका मण्याला एक अक्षर ही सोयही त्यांचीच. हे शब्द एकाखाली एक मांडून पाहायचे, कुठे अक्षर जुळते, कुठे बदलते. वाचायला सोपे, पण त्यातून जे निघाले ते मोठे आहे.

आता एटीपी. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पैसे चालत नाहीत, कूपन चालते. आपण भाकरी खा, भात खा, नाहीतर बिस्कीट खा, शरीर त्याचे आधी एटीपी नावाचे कूपन करून घेते. मग हात उचलायचा असो, मेंदूने विचार करायचा असो की पेशीने जुना डीएनए उतरवून नवा लिहायचा असो, बहुतेक काउंटरवर हेच कूपन द्यावे लागते. आणि कूपन एकच असल्यामुळे ते आत घ्यायची खाचही बऱ्याच काउंटरवर सारखीच असते. १९८२ साली इंग्लंडमध्ये केंब्रिजला जॉन वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या प्रथिनांची अक्षरे शेजारी ठेवली. काही गायीच्या हृदयातली, काही जंतूतली, काही स्नायूतली. बाकी माळ कितीही वेगळी असली तरी एका जागी तोच नमुना पुन्हा पुन्हा दिसला : आधी जी, मग कोणतीही चार अक्षरे, मग जी, मग के, आणि शेवटी टी किंवा एस. हीच ती कूपनाची खाच. जी म्हणजे ग्लायसिन, सगळ्यांत लहान मणी, त्यामुळे तिथे माळ सहज वळते. के म्हणजे लायसिन, तो एटीपीची फॉस्फेटची शेपटी धरून ठेवतो. वॉकरना पुढे १९९७ मध्ये नोबेल मिळाले, ते मात्र एटीपी तयार करणाऱ्या यंत्राच्या कामासाठी. आणि एटीपीचा शोध १९२९ साली ज्यांनी लावला त्यांत आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव होते, हे आपल्या शाळेच्या पुस्तकात आम्हाला तरी कधी भेटले नाही.

त्या मुलीने फळ्यावर कूपन छापणाऱ्या यंत्राच्या एकाच भागाच्या दोन ओळी लिहिल्या. हे सगळे मोबाईलवर फुकट मिळते, फी नाही की ओळखपत्र नाही.

माणूस : जी जी ए जी व्ही जी के टी व्ही एल आय एम ई एल आय

पोटातला जंतू : जी जी ए जी व्ही जी के टी व्ही एन एम एम ई एल आय

पंधरा अक्षरांत फरक फक्त दोनच ठिकाणी. खाचेची आठ अक्षरे तर तंतोतंत तीच. हा जंतू ई. कोलाय, तुमच्या-आमच्या सगळ्यांच्या आतड्यात असणारा. तिसरी ओळ तिने गायीची लिहिली, ती इथे माणसासारखीच निघाली. (तेव्हा गायीला माता म्हणणाऱ्यांनी पोटातल्या जंतूला मावशी म्हणायला हरकत नसावी, असे मागे बसलेली एक उपासिका म्हणाली, आणि वर्ग पाच मिनिटे बंद पडला.)

पण ही आठ अक्षरे टिकली कशी? कोणी पवित्र मानून जपली म्हणून नव्हे. भगवंतांनी सगळे संस्कार अनित्य सांगितले, आणि अक्षरेही सतत बदलतच असतात. पेशी डीएनएची नक्कल करते तेव्हा चुका होतातच. मात्र या खाचेत चूक झाली की कूपन आत जात नाही, आणि तो जीव तिथेच संपतो. ज्यांची खाच शाबूत राहिली त्यांचीच पिढी पुढे चालली. म्हणजे न बदललेले अक्षर हे कोट्यवधी वर्षांच्या मरणांनी ठेवलेली खूण आहे. ती दिसली की शास्त्रज्ञ ओळखतात : इथे हात लावला तर यंत्र बंद पडेल.

रक्त शुद्ध, रक्त अशुद्ध, कुळ, गोत्र, असल्या गोष्टी आता 'डीएनए' हा शब्द लावून नव्याने विकल्या जात आहेत. लग्न जमवणाऱ्यांच्या जाहिरातीतही तो शब्द आम्ही पाहिला. बाबासाहेबांनी १९४८ सालच्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात अस्पृश्य वेगळ्या वंशाचे होते हा सिद्धांत खोडला, तेव्हा त्यांच्या हाती त्या काळात मिळत होते ते शास्त्र होते : नाकांची मापे. ब्राह्मणाचे माप आणि अस्पृश्याचे माप शेजारी ठेवून, त्याच आकडेवारीच्या आधारे त्यांनी तो दावा निकाली काढला. शेजारी ठेवून पाहणे हीच ती पद्धत. आज मापाच्या जागी अक्षर आले आहे. ते वाचायला आपली मुले शिकली नाहीत, तर दुसरे कोणीतरी वाचून दाखवील आणि आपण मान डोलावू.

आता औषधाकडे येतो. सारखेपणा कळला की एक धोकाही कळतो. जंतूची कूपनाची खाच बुजवणारे औषध केले, तर तशीच खाच आपल्याही पेशीत आहे. जंतू मरेल, पण माणूसही. म्हणून मारायची जागा अशी शोधावी लागते जिथे त्याची अक्षरे आपल्यापेक्षा वेगळी आहेत. कर्करोगाच्या औषधांतही हीच कसरत असते. रक्ताच्या एका कर्करोगावरची इमॅटिनिब ही गोळी एटीपीच्याच जागेत जाऊन बसते, आणि त्या घराण्याची पाचशेहून जास्त प्रथिने शरीरात असतात. चुकीच्या काउंटरवर बसली तर त्रास. खाचेच्या आजूबाजूच्या बारीक फरकांमुळे ती मोजक्याच ठिकाणी अडकते. याच गोळीच्या पेटंटचा दावा सुप्रीम कोर्टाने १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळला.

टीबीत ही गोष्ट अजून जवळची आहे. बेडाक्विलिन नावाची गोळी टीबीच्या जंतूचे कूपन छापणारे यंत्रच बंद पाडते. ती सापडली तेव्हा ती नेमकी कुठे मारते हे माहीत नव्हते. शास्त्रज्ञांनी जंतू वाढवून त्यांच्यावर औषध टाकले, त्यातून जे वाचले ते वेगळे काढले, आणि वाचलेल्यांची अक्षरे न वाचलेल्यांच्या अक्षरांशी ताडून पाहिली. टीबीच्या जंतूत फरक निघाला एकाच मण्याचा, यंत्राच्या फिरत्या चाकाच्या प्रथिनात, ६३व्या जागेवर, ए च्या ठिकाणी पी. म्हणजे औषध खाचेवर नाही, चाकावर बसते. चाकाची अक्षरे आपली वेगळी, त्यांची वेगळी. २००५ साली हे जगापुढे आले, २०१२ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत गोळीला मान्यता मिळाली. टीबीसाठी नव्या प्रकारचे औषध यायला चाळीसहून जास्त वर्षे लागली होती. गरिबाचा रोग, दुसरे काय.

त्या चाळीस वर्षांचा काही हिशोब आमच्याही माथ्यावर आहे. वॉर्डात असताना औषधाला दाद न देणाऱ्या टीबीच्या रुग्णांना कॅनामायसिनची इंजेक्शने आम्ही आमच्या हातांनी दिली आहेत. रोज, महिनोन्‌महिने. बायका सांगायच्या, "सिस्टर, कानात रातकिडे ओरडतात." आम्ही म्हणायचो, होतं असं, औषध संपलं की थांबेल. सगळ्यांचे थांबले नाही. काहींचे कान कायमचे गेले. कान तपासायची सोय तिथे नव्हती हे खरे आहे, आणि आम्ही ती मागितली नाही हेही तितकेच खरे आहे. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हे इंजेक्शन वापरू नका असे सांगितले, तोवर आम्ही नोकरी सोडलेली होती. असेच इंजेक्शनांमुळे ऐकू येणे गेलेल्या दोन तरुणी, मुंबईची नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा टिसिले, २०१९ मध्ये बेडाक्विलिनचे पेटंट वाढवून देण्याविरुद्ध भारतीय पेटंट कार्यालयात उभ्या राहिल्या. मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होते, आणि जॉन्सन अँड जॉन्सन या कंपनीला त्याच औषधाच्या क्षाराच्या रूपावर आणखी चार वर्षे हवी होती. २३ मार्च २०२३ रोजी अर्ज फेटाळला गेला. कान गमावलेल्या दोन मुलींनी इतरांचे कान वाचवले, असेच आम्ही म्हणतो.

आता त्या लातूरच्या मुलाचा प्रश्न. छातीत खड्डा पडला की त्यात जंतूंची संख्या कोट्यवधीत जाते. प्रत्येक नक्कल उतरवताना अधूनमधून एक अक्षर चुकते. अशा एखाद्या चुकीने एखादा जंतू रिफाम्पिसिनला न जुमानणारा आपोआप निपजतो, औषध घ्यायच्या आधीच. म्हणून तर सुरुवातीला चार औषधे एकत्र देतात : एकातून सुटलेला दुसऱ्यात सापडतो. गोळ्या बंद-चालू, बंद-चालू झाल्या की साधे जंतू मरतात आणि तो एक उरतो, मग तोच वाढतो. जंतू सरावत नाही. औषधाने त्याचे भाऊबंद मारून त्याला रान मोकळे करून दिलेले असते.

हे चुकलेले अक्षर बहुतेक वेळा एकाच ठिकाणी सापडते. जंतूच्या सुमारे ४४ लाख अक्षरांच्या डीएनएमध्ये (तो १९९८ साली पूर्ण वाचला गेला) फक्त ८१ अक्षरांचा एक तुकडा असा आहे, जिथे रिफाम्पिसिनला दाद न देणाऱ्या बहुतेक जंतूंची चूक असते. प्रथिनात मोजले तर २७ मणी. सर्वांत जास्त वेळा ४५०व्या जागेवरच्या एस च्या ठिकाणी एल आलेला दिसतो. गंमत म्हणजे कित्येक वर्षे डॉक्टर या जागेला ५३१ म्हणत. तो क्रमांक टीबीच्या जंतूचा नव्हेच, आपल्या त्या पोटातल्या ई. कोलायचा. दोघांची माळ शेजारी ठेवली की जागा इतकी जुळते की एकाचा पत्ता दुसऱ्याला बिनदिक्कत वापरला गेला.

सीबीनॅट आणि ट्रूनॅट ही यंत्रे तो तुकडा तपासतात. ट्रूनॅट तर आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीचे, २०२० मध्ये त्याला जागतिक आरोग्य संघटनेने मान्यता दिली. काही तासांत कळते की जंतू आहे का, आणि रिफाम्पिसिन चालेल का. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत आहे. म्हणून आमचे मत स्पष्ट आहे : टीबीचे निदान झाले आणि 'रिफ'चा रिपोर्ट हातात नाही, असे आपल्या वस्तीत कोणाचेही होता कामा नये. नुसता एक्स-रे पाहून गोळ्या सुरू केल्या असतील तर विचारा, थुंकी मशीनवर लावली का? विचारायला लाजू नका. आम्ही नर्स असताना असा प्रश्न विचारणाऱ्या नातेवाइकांचा आम्हाला राग यायचा. आज वाटते, त्यांनीच आम्हाला जागे ठेवले असते.

दुसरे मत थोडे कडू आहे. मध्येच गोळ्या सुटलेल्याला आमच्या रजिस्टरमध्ये 'डिफॉल्टर' लिहीत. कर्ज बुडवणाऱ्याला लावतात तो शब्द. आता कागदावर तो बदलला आहे, तोंडातून गेलेला नाही. त्या मुलाने गोळ्या बुडवल्या, की ठेकेदाराने त्याच्या सुट्ट्या बुडवल्या? घरमालकाला कळले तर खोली जाईल म्हणून तो गोळ्यांचे पाकीट कंपनीच्या लॉकरमध्ये ठेवायचा. आणि हेही लक्षात घ्या की एकदाही गोळी न चुकवलेल्या माणसाला, इतकेच काय आयुष्यात कधी टीबीची गोळी न घेतलेल्याला सुद्धा, थेट हा चिवट जंतू खोकल्यातून लागू शकतो. त्याच्या खोलीतल्या पाच जणांचा दोष काय? त्या पाचही जणांची तपासणी करून घ्यायला आम्हाला तीन आठवडे लागले, कारण एक मोकळा असला की दुसरा पाळीवर. विहारात पैसे गोळा करून मखर सजवणारे आपण, टीबी झालेल्या कुटुंबाशी मात्र दुरून बोलतो. भगवंतांनी घाणीत पडलेल्या आजारी भिक्खूला आनंदाला सोबत घेऊन स्वतः आंघोळ घातली होती. ती कथा आम्ही विहारात ऐकली आणि सांगितलीही, तरी त्या मुलाला पहिल्या महिन्यात डबा द्यायला दोनच घरे तयार झाली.

सध्या त्याचा उपचार चालू आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये आरोग्य मंत्रालयाने बेडाक्विलिनसह चार औषधांचा सहा महिन्यांचा उपचार मान्य केला, इंजेक्शन नाही. पूर्वी याला दीड-दोन वर्षे लागत. कोणाला हा उपचार चालतो ते डॉक्टर ठरवतात. बेडाक्विलिन हृदयाच्या ठोक्यावर परिणाम करू शकते, म्हणून ईसीजी चुकवायचा नाही. लिनेझोलिडने पायांना मुंग्या येऊ शकतात, नजर अंधुक होऊ शकते, रक्त कमी होऊ शकते. असे काही झाले तर गोळी स्वतः बंद न करता त्याच दिवशी सांगायचे. निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १००० रुपये (नोव्हेंबर २०२४ पासून, आधी ५०० होते) बँक खात्यात येतात. खाते आधारला जोडलेले नसेल तर ते अडकतात, आधी ते बघा. माहितीसाठी निक्षयचा मोफत क्रमांक १८००-११-६६६६.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे, थुंकीत रक्त, यातले काहीही असेल त्यांनी रविवारी वंदनेनंतर भेटावे. थुंकीच्या डब्या विहाराच्या कपाटात ठेवल्या आहेत. सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा, मोकळ्या हवेत जा, दोन-तीन दीर्घ श्वास घ्या आणि छातीतून खोकून बेडका काढा. लाळ चालत नाही. झाकण घट्ट लावा, आणि डबीवर नाव स्पष्ट अक्षरात लिहा, काना-मात्रा तपासून.